उजवीकडून वाचलेलं तापमान

सिडनीतल्या हॅरिस पार्कमधल्या आमच्या भाडेकरू गटात पत्रकं मी लिहिते. कॉलेजात असल्यापासून तेच करत आले, त्यामुळे गोड बोलायची सवय नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं बाळ घामोळ्यांनी रात्रभर रडायचं. छताला इन्सुलेशन नाही, खिडकीला बाहेरून सावली नाही. घर भाड्याने देणाऱ्या एजंटचं उत्तर ठरलेलं, उन्हाळा सगळ्यांनाच असतो. म्हणून इन्सुलेशनच्या अर्जाला पुरावा म्हणून आम्ही घरोघरी थर्मामीटर लावले आणि दर तासाचे आकडे जमवले.

ते आकडे मांडायला मी अ‍ॅरे भाषा, म्हणजे तक्ते हाताळणाऱ्या संगणकाच्या भाषा, शिकायला घेतल्या. नवशिक्याला सांगायचं तर, यांत अख्खा तक्ता म्हणजे एकच वस्तू. एकेक घर, एकेक तास घेऊन फिरत बसायचं नाही. ‘तक्त्यातून दोन वजा’ म्हटलं की सगळ्या घरांतून, सगळ्या तासांतून दोन जातात. एपीएल ही यांची आजी. तिची चिन्हं देखणी, पण नेहमीच्या कीबोर्डवर नाहीत. ‘जे’ नावाची भाषा तीच कल्पना साध्या कीबोर्डवर आणते, फक्त टिंबं आणि विसर्ग इतके की ओळ पुसायला घ्यावीशी वाटते. ‘के’ सगळ्यात काटकसरी, मोजक्या चिन्हांत भागवणारी, बँकवाल्यांची लाडकी. बीक्यूएन नवी. तिने आजीचं घर आवरलं आणि चिन्हं पुन्हा स्वतःची आणली. मला ‘जे’ परवडली, कारण लॅपटॉप जुना आणि कीबोर्ड साधा.

चौघींची एक खोड मात्र सारखी. बेरीज-वजाबाकी सगळं उजवीकडून होतं.

आमचे स्वस्त थर्मामीटर दोन डिग्री जास्त दाखवायचे. बाहेरचा तेवढा चांगला होता. म्हणून मी लिहिलं, आत वजा बाहेर अधिक दोन. ‘जे’ आधी बाहेरच्यात दोन मिळवते, मग ते आतल्यातून वजा करते. वहिनींच्या घरी संध्याकाळी आत पस्तीस, बाहेर तीस. उत्तर तीन, म्हणजे घर बाहेरपेक्षा तीन डिग्रीने गरम.

गटाचा म्होरक्या पुण्याचा, स्किल्ड व्हिसावर आलेला, मोठा आयटीवाला. त्याने माझी ओळ बघितली आणि मनातल्या मनात डावीकडून सोडवली.

“अगं, सात येतात. तीन कुठून काढलेस?”

मी म्हटलं, “दादा, थर्मामीटर जास्त दाखवतो, तर दोन कमी व्हायला हवेत ना? ‘जे’ भाषा उजवीकडून वाचते.”

“गणित काय भाषेप्रमाणे बदलतं? नॉर्मल माणसासारखं वाच.” मग थोडं हसून, “आणि सात दिसायलाही बरे दिसतात.”

खरं कारण हे दुसरं होतं. मी कागदावर कंस घालून दाखवलं, थर्मामीटर त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, नो वरीज, एवढ्या बारक्यात कोण जातंय. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या पत्रकावरचे तीन खोडून सात छापले गेले.

एजंट मीटिंगला एक माणूस आणि एक महागडं यंत्र घेऊन आला. सगळे मिळून वरच्या मजल्यावर गेलो. यंत्राने बाहेरच्यापेक्षा तीन जास्त दाखवले. एजंटने पत्रक पुढे धरलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं की हे सात कुणाचे. दादा मोबाईलमध्ये काहीतरी शोधत राहिला. माझा तक्ता मी पुढे केला, पण आता आमचा कुठलाच कागद त्याला वाचायचा नव्हता. ज्यांनी सात छापले त्यांच्या तिनावर विश्वास का ठेवायचा, एवढंच तो म्हणाला. इन्सुलेशनचा अर्ज तिथेच संपला. त्याच्याच यंत्रावर आमचे तीन लखलखत होते, तरी संपला.

जिना उतरताना दादा म्हणाला, पुढच्या वेळी सरळ एक्सेल वापरू, या भाषांची नाटकं नकोत. एक्सेलमध्येही कंस घातले की तीनच येतात. पण कंस घालायला आधी खरा आकडा हवा असावा लागतो.

वहिनी बाळाला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या.

“खरे किती होते गं?”

“तीन.”

“मग तेवढेच सांगायचे होते ना. तीनही आम्हाला झोपू देत नाहीत.”

हल्ली दर आर्व्होला, इथल्या भाषेत दुपारी, त्या प्रॅम ढकलत पॅरामॅटाच्या शॉपिंग सेंटरमध्ये जातात. तिथे एसी असतो. बंद होईपर्यंत बाळ तिथेच झोपतं.