काहील उतरवण्याआधी

धाकटा भाऊ बैलगाडीवरून पडला आणि त्याचं कपाळ दगडावर आपटलं. जखम भरली, खरी अडचण नंतर कळली. तोंड धुवायला बसला की पाणी मारतच राहायचा. "पुरे की रे!" म्हटलं, की "व्हय अक्का, पुरं झालं," म्हणायचा आणि तांब्या पुन्हा बादलीत बुडवायचा.

दौंडचे डॉक्टर म्हणाले, "आठवण शाबूत आहे. कपाळामागचा मेंदू 'आता हे कर, आता थांब' असं ठरवतो, त्याला मार बसलाय. बहुतेक सुधारेल. कधी, ते सांगता येत नाही."

गोष्ट पंचाहत्तरच्या आसपासची. मी शिरूरहून खुटबावला माहेरी आले आणि त्याच्या डोक्याचं काम तोंडाने करू लागले. टॉवेल घे. सदरा घाल. बटणं लाव. झालं, चल बाहेर. तो हसायचा, "इंजिनात तूच बसलीस अक्का, मी नुस्ता डबा."

भाऊ गुऱ्हाळावर गुळव्या होता. उकळत्या रसाची काहील, म्हणजे ती भली मोठी कढई, चुलाणावरून कधी उतरवायची, हे त्याने सांगायचं. लवकर उतरली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. हंगाम सुरू झाला तसे गुऱ्हाळवाले मामा म्हणाले, "येक काहील देतो. जमलं तर हंगाम तुजा, न्हाई तर दुसरा गुळव्या बघतो."

पाक होत आला की गुळव्याशी कुणी बोलायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणजे मीही गप्प.

त्याने पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडला, गोळी वळली, टाकून दिली. पुन्हा थेंब, पुन्हा गोळी. पुन्हा. हा आता थांबतच नाही, असं वाटलं. रीत मोडून मामाच ओरडले, "आरं उतरीव की! करपंल समदं!"

भावाने हात वर केला. "थांबा मामा. मधी बोलू नगा."

आणखी एक गोळी त्याने काहिलीच्या काठावर मारली. टण्ण वाजली, म्हणजे पाक झाला. पाण्याचं भांडं त्याने आपणहून खाली ठेवलं.

"उतरा!"

चौघांनी काहील उचलून गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली. "आयला, माज्याच गुऱ्हाळावर मलाच गप केलं!" मामा खदखदून हसले.

मी चिपाडांच्या ढिगावर जाऊन बसले. कितीतरी दिवसांनी मला कुणाला काही सांगायचं नव्हतं.