झूम की छोटी

हाडांचे फोटो काढण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. दवाखान्याच्या तळघरात एक्स-रेचं मशीन, अंगावर शिशाचा जड एप्रन, आणि समोर येणारी माणसं म्हणजे कुणाचा गुडघा, कुणाची बरगडी. म्हणूनच की काय, सुट्टी मिळाली की तिला चेहरे टिपायचा भारी सोस. दरवर्षी धाकटी बहीण आणि भाची यांना घेऊन ती थीम पार्कला जायची, खांद्यावर भलीमोठी बॅग. भाचीने तिचं नावच पाडलं होतं, सामानमावशी.

यंदा मात्र खांद्याने दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, "दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही." आणि नेमकी यंदाच भाची शिकायला दूर देशी निघाली होती. पुढच्याच आठवड्यात. म्हणजे पार्कची ही फेरी आता बरीच वर्षं तरी शेवटची.

आदल्या दुपारी मावशीने स्वयंपाकघरातला वजनकाटा जेवणाच्या टेबलावर मांडला. कॅमेरा सातशे ग्रॅम. लांबचं टिपणारी झूम लेन्स अकराशे पन्नास. जवळच्यासाठी छोटी लेन्स साडेचारशे. दोन्ही घेतल्या की काटा दोनच्या पुढे. बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली.

"ताई, मोबाईल आहे ना?" बहीण म्हणाली. "सोड ना बाई हा व्याप."

"मोबाईलमध्ये पोरगी रोलर कोस्टरवर मुंगीएवढी दिसते."

"मग मोठी घे."

"आणि रांगेत? खाताना? मोठीत नुसतं नाक यायचं!"

"मग छोटी घे."

"मग रोलर कोस्टरवरची हातची जाईल!"

बहिणीने कोपरापासून हात जोडले.

सकाळी मावशी छोटी लेन्स घेऊन निघाली खरी, पण बसथांब्यावर तिचा जीव खालीवर होऊ लागला. "आलेच हं," म्हणून ती तरातरा घरी गेली आणि छोटी ठेवून झूम घेऊन परतली. तोवर बस गेली होती. बहीण पुढच्या बसची वेळ बघू लागली.

पार्कमध्ये भाची रोलर कोस्टरच्या रांगेत शिरली. मावशी कठड्याला टेकून नेम धरून उभी. पिवळा टी-शर्ट उतारावर आला आणि तिने खटाखट बटण दाबलं. मग फोटो मोठा करून पाहते तो काय! टी-शर्ट पिवळाच, पण पोरगी भलतीच कुणाची तरी.

भाची तिच्या मागेच, कठड्याजवळच्या बाकावर बसली होती. बारा वर्षांची झाल्यापासून दरवर्षी या पाळण्यात सगळ्यांत आधी उडी मारणारी ही पोर.

"बसली नाहीस?"

"जिन्यापर्यंत गेले. मग पाय उचलेनात." भाची बुटाची नाडी ओढत राहिली. "मावशी, मला जायचं नाहीये."

"नको जाऊस. दुसऱ्या पाळण्यात बसू."

"पाळण्यात नाही गं. तिकडे. शिकायला."

सवयीने मावशीचा हात कॅमेऱ्याकडे गेला. पण चेहरा फारच जवळ. लेन्स घरघरत पुढेमागे झाली आणि काही केल्या स्थिर होईना. तिने कॅमेरा बंद करून बाकावर ठेवला.

"मग जाऊ नकोस. तुझ्या आईला मी सांगते."

भाचीने चमकून वर पाहिलं. "असं कसं? मलाच तर जायचं होतं. अजूनही जायचंय." आणि तिला रडू फुटलं. मावशीने तिला जवळ घेतलं.

बऱ्याच वेळाने भाचीने डोळे पुसले. "तू कधी बसली आहेस यात?"

"छे! बॅग कोण सांभाळणार?"

"आई."

तेवढ्यात पाणी घेऊन आलेल्या बहिणीने बॅगेसाठी हात पुढे केला.

पहिल्या चढावर मावशीने डोळे गच्च मिटले, आणि उतारावर अशी किंचाळली की पुढच्या डब्यातली माणसं मागे वळून बघू लागली. भाची हसत होती की ओरडत होती, कोण जाणे. खाली उतरल्यावर मावशीनेच विचारलं, "पुन्हा?"

पुढच्या आठवड्यात भाची गेली. त्यानंतर मावशीचं कशातच लक्ष लागेना. दवाखान्यात एकाच्या डाव्या हाताऐवजी उजव्या हाताचा फोटो काढून बसली. पाचव्या दिवशी फोन आला.

"मावशी, आज वर्गात पहिल्यांदा प्रश्न विचारला. आवाज इतका थरथरत होता!"

"मग?"

"मग काय, विचारला. चुकीचा होता म्हणे."

"असू दे," मावशी म्हणाली. फोन ठेवला, आणि खुशीत उगाचच घरभर दोन फेऱ्या मारून आली.