सहाचं आणि सातचं बटन

तीस वर्षं झाली, मी देवणीत वायरमनचं काम करून राहिलो. लोकांनी घरात हातानं केलेली वायरिंग बघितली की माझं डोकं फिरतं. कुणी जोडाला कॅरीबॅग गुंडाळतो, कुणी फ्यूजमधी जाडी तार कोंबतो, अन्‌ वर मलाच सांगतो, चालून राहिलंय की बसवंत. चालतंय म्हणे! एखादा चिकटला म्हणजे मग मला फोन.

उज्वला सिस्टरचा फोन आला तवाही मी असाच तापलेला होतो. ती सरकारी दवाखान्यात नर्स. मागच्या साली वारलेल्या नीलाबाईच्या घरात दोन महिन्यांखाली भाड्यानं आली. कपडे वाळू घालायच्या तारेला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणाली, पण फक्त सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला. टायमावर येणारा करंट मी जन्मात बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच जाऊन तारेला टेस्टर लावून उभा राहिलो. बरोबर सातला टेस्टर पेटला. मिनिटभर राहिला, विझला. मग शिडी लावून वर चढलो. मोटारीच्या जुन्या वायरचा एक तुकडा पत्र्यावरून गेला होता. पत्र्याच्या कडेला घासून घासून तिचं प्लास्टिक सोललं होतं. करंट पत्र्यात, पत्र्यातून तारेत. वायर आली होती शेजारच्या कोंडाबाईच्या घरातून.

कोंडाबाईचा मालक पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्याजवळ बसून बसून तीही शिकली. तो गेला त्याला बारा वर्षं झाली. तिचा जोड बघितला अन्‌ मनात म्हणलं, हात लई चांगला आहे बाईचा. अक्कल तेवढी अर्धी.

तिच्या दारातच मी सुरू झालो. "मावशे, ती पोरगी मेली असती."

तिला आधी कळलंच न्हाई. कळलं तशी ती खाली बसली. तिच्या बटनावर नीलाबाईच्या चुलीपाशी एक बल्ब लागायचा, एवढंच तिला ठाऊक. सिस्टरनं तो बल्ब आल्या आल्याच काढून टाकलेला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं सांगितलं. सहा वर्षांखाली ती तापानं दोन दिवस घरात पडून होती. नीलाबाईला वाटलं, उदगीरला लेकीकडं गेली असंल. बरी झाल्यावर कोंडाबाईनंच दोन वायरी ओढल्या. हिनं बटन दाबलं की तिकडं उजेड, नीलाबाईनं दाबलं की इकडं. सकाळी, उठले. संध्याकाळी, हाय अजून. फोन का न्हाई केला म्हणलं, तर रोज रोज काय बोलायचं, म्हणाली. नीलाबाई गेल्यापासून कोंडाबाईच्या घरातला बल्ब लागला नव्हता. तरी त्याच्यावर धूळ नव्हती. ती पुसत होती.

"काढून टाक," ती आपणच म्हणाली.

मी दोन्ही वायरी ओढून गुंडाळू लागलो. तिनं विचारलं, "मग सकाळी उठले, हे कुणाला सांगू, बसवंता?"

माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली, पोरगा हैदराबादला. मी उठलो का, हे मलाही कुणी विचारत न्हाई. लेकीला फोन करत जा, असं खेकसलो. ती म्हणाली, लेक गुणाची हाय, ऐतवारी करते. सिस्टरही भली, पण तिची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रातची. बटन तेवढं राहू दे म्हणाली, भिंतीला भोक दिसंल. मी राहू दिलं.

महिन्यानं तिचा पंखा बघायला गेलो होतो. सात वाजले. ती उठली, बटन दाबलं, अन्‌ भिंतीकडं तोंड करून मिनिटभर उभी राहिली. मला रागच आला. वायर कुठं हाय आता, म्हणलं, कशाला दाबतीस?

तिनं बटन बंद केलं अन्‌ माझ्याकडं बघितलं.

"आता त्यानं कुणाला शॉक न्हाई ना बसत? मग दाबू दे की."