तात्यांनी वशिला मागं घेतला

लालासाहेब तात्यांना कुठल्याही कामाची एकच पद्धत ठाऊक होती: आधी माणूस गाठायचा. रेशनकार्ड असो, उसाची तोड असो की दवाखान्यातला बेड, "तितं आपलं कोण हाय?" म्हणत ते स्कूटरला किक मारायचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस स्वतःसाठी मात्र कधी कुणाच्या दारात उभा राहिला नाही. माझे वडील त्यांच्याच पलटणीतले, वयानं बरेच लहान. ते अजून फौजेत, पोस्टिंग लांब. त्यामुळे आमच्या घरची सगळी धावपळ तात्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलेली.

मी सीएची इंटर पास झाले तेव्हा तात्या "क्रांती सीए झाली" म्हणत गावभर पेढे वाटत सुटले.

"आवं तात्या, अजून कुठं झाले?" मी वैतागून म्हटलं. "आता एखाद्या सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप करायची असती. काम शिकायचं. त्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत न्हाई."

"म्हंजे रिक्रूटचं ट्रेनिंग," तात्या म्हणाले. "मग कुटं बगायचं?"

खरं तर मी बघून आले होते. पुण्याला ठेवायला आई तयार नव्हती, म्हणून मलकापुरात सीए राजनंदिनी मॅडमच्या ऑफिसात एकटीच गेले होते. मॅडमनी भरपूर प्रश्न विचारले. जिथं चुकले तिथं स्वतः कागद ओढून समजावून सांगितलं, आणि "विचार करून कळवते" म्हणाल्या. जिना उतरताना मी ठरवून टाकलं होतं की शिकायचं तर इथंच. एवढं सगळं तात्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, आणि तिथंच घोळ झाला.

दुसऱ्याच दिवशी तात्या कारखान्याचे संचालक मानसिंगराव यांच्या बंगल्यावर. "आपली पोरगी हाय, शब्द टाका." मानसिंगरावांनी टाकला. मलकापुरात मॅडमना फोन केला आणि एका ठिकाणी नाही जमलं तर हाताशी असावं म्हणून सांगलीतल्या एका सीएलाही केला. मॅडमचा मेसेज लगेच आला: जागा नाही. मला काही कळेना. सांगलीवाल्यांनी मात्र भेटायला बोलावलं.

सांगलीला तात्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्याबरोबर आले. तिथल्या साहेबांनी चहा मागवला, मानसिंगरावांची खुशाली विचारली. माझी मार्कशीट मी पुढं केली तशी त्यांनी न बघताच परत सरकवली. "साहेबांचा शब्द म्हटल्यावर प्रश्नच मिटला. तुझं नाव लावून घेऊ. रोज यायची गरज नाही, घरी बसून अभ्यास कर. कागद वेळेवर मिळतील."

तात्या खुशीत. स्टँडवर त्यांनी भडंग घेतलं, पुडी माझ्यासमोर धरली. माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

"रडाय काय झालं गं? काम झालं की!"

"कसलं काम?" मी भर स्टँडवर ओरडले. "ते नुसतं नाव लावणार! काम शिकवणारच न्हाईत. मला शिकायचं हाय, तात्या!"

तात्यांचा घास हातातच राहिला. ते हळूच म्हणाले, "म्हंजे हजेरी लागायची आन परेडला जायाचंच न्हाई?"

"व्हय."

"हे आसलं ट्रेनिंग?" त्यांनी पुडी दुमडून पिशवीत टाकली. "चल. साहेबांकडं जायाचं. मलकापूरच्या मॅडमास्नी बी त्यांनीच फोन केलाय."

आमच्याकडे मोठ्या माणसाकडे शब्द मागायला सगळेच जातात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण मिळालेला शब्द परत करायला कुणी जात नाही. तो त्या माणसाचा अपमान होतो, आणि पुढच्या कामाला ते दार बंद होतं. तात्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी बंगल्यात शिरताना त्यांची चाल तशीच ताठ होती. मी मागं मागं.

"साहेब, पोरीसाठी जे फोन केलं, ते माघारी घ्या," तात्या म्हणाले.

मानसिंगराव झोपाळ्यावरून उठलेच. "लालासाहेब, लोक शब्द मागाय येत्यात. परत कराय आलेलं तुमी पयलंच. माजा शब्द कमी पडला व्हय?"

"न्हाई साहेब. लय मोठा हाय. पोरीला पेलंना झालाय."

मानसिंगराव हसले नाहीत. पण त्यांनी दोन्हीकडे फोन केले आणि आम्हाला निरोप दिला. पुढं कितीतरी दिवस कारखान्याच्या कार्यक्रमात ते तात्यांच्या नमस्काराकडे बघतही नव्हते. तात्या मात्र न चुकता नमस्कार करायचे.

मग आम्ही मलकापूरला गेलो. मॅडमनी स्पष्टच सांगितलं. "ज्यांच्यासाठी असे फोन येतात, ती मुलं नाव लावतात आणि फिरकत नाहीत. ओळख सांगून येणाऱ्याला मी घेतच नाही."

तात्या खुर्चीतून उठून सावधान उभे राहिले. "मॅडम, चूक माजी. पोरीला फोनचं ठावं बी न्हवतं. आता वशिला मागं घेतलाय. हिच्या मागं कोण न्हाई."

मॅडम खळखळून हसल्या. "कोण कसं नाही? तुम्ही उभे आहात की." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पण ऑडिटच्या दिवसांत उशीर होतो. शेवटची एसटी फाट्यावर सोडते ना? तिथून गावात कशी जाणार ही?"

"तितं मी हाय," तात्या म्हणाले.

आणि होते. माझी आर्टिकलशिप संपेपर्यंत, पाऊस असो की थंडी, एसटीतून उतरले की फौजी कोट घातलेले तात्या स्कूटरला टेकून उभे दिसायचे. उशीर का झाला, असं त्यांनी कधीही विचारलं नाही. "आज काय शिकलीस?" एवढंच. मी मागं बसून जीएसटी समजावायचे, ते "व्हय, व्हय" करायचे, आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून तेच अर्धंमुर्धं लोकांना शिकवायचे. त्यांच्यामुळे गावातल्या एका दुकानदाराचा केवढा गोंधळ उडाला, तो निस्तरायला मलाच जावं लागलं.

या माणसाचे उपकार फिटणार नाहीत. फेडावेत असं मला वाटतही नाही. अंगावर असू देत, बरं वाटतं.

आता मी सीए आहे आणि मॅडमच्याच ऑफिसात बसते. आर्टिकलशिपसाठी येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती मॅडम माझ्यावर सोडतात. परवा आमच्याच गावची माया आली.

"कुणाबरोबर आलीस?"

"एकटीच."

मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या रसवंतीपाशी ती ओळखीची स्कूटर होती आणि तात्या आमच्या ऑफिसकडे पाठ करून बाकड्यावर बसले होते. मी बाहेर येऊन त्यांना फोन लावला. "तात्या, वर या की."

"न्हाई. मी वर आलो तर वशिला व्हईल," तात्या मागं न वळता म्हणाले. "फोन बी करू नगंस. नीट इचार तिला. चुकली तर चुकली म्हण."

मी आत आले आणि मायाला नीट विचारलं. चुकली तिथं कागद ओढून समजावलं. मनातून तिला घ्यायचं ठरलंच होतं. उरला शेवटचा प्रश्न, जो आम्ही आतल्या गावांतून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो.

"ऑडिटच्या दिवसांत उशीर होतो, माया. फाट्यावरून घरी कशी जाशील?"

हे काय विचारता, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तितं तात्या असत्यात की."