खिळा न मारलेलं घर

पाडवा झाला की गोजरबाईला घरात बसवत नाही. बस म्हटलं तर बसेल बिचारी, पण बूड टेकतंय न टेकतंय तोच उठून खिडकीशी जाईल आणि तिसऱ्या मजल्यावरून वाकून खाली फाटकाकडं बघेल. फाटकाशेजारी पालिकेचा काचेचा फळा आहे. त्यावर वर्षातून एकदा कागद लागतो आणि कागदावर दोनच गोष्टी असतात. यंदापासून भाडं किती, आणि घरातल्या सगळ्यांची मिळून कमाई किती असेल तर इथं राहता येईल. कमाई त्या आकड्याच्या आत असली तर राहा सुखानं. वर गेली, तर तीन महिन्यांत सामान उचला. गोरगरिबांसाठी बांधलेली भाड्याची घरं ती, तेव्हा आपली गरिबी दर साली नव्यानं दाखवायची, असा सगळा मामला.

कागद लागला की इमारतीत काय गंमत होते म्हणता! भाडं वाढलं म्हणून लोक कपाळाला हात लावतात आणि मर्यादा वाढली म्हणून त्याच हातानं पेढे वाटतात. त्याआधीचे दोन महिने तर इथल्या माणसांना जादा कामाची भीतीच वाटते. गोजरबाईचा नवरा रामहरी टॉवेलच्या कारखान्यात टेंपो चालवतो. फेब्रुवारी-मार्चात मालकानं रविवारची फेरी देऊ केली की याचं नेमकं पोट दुखायला लागतं. जादा पैसा नको म्हणून हात जोडणारा ड्रायव्हर मालकानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

गोजरबाई मूळची मोडनिंबची. लग्न करून सोलापुरात आली ती भाड्याच्या खोल्यांतून फिरतच राहिली. एका घरमालकानं पाण्यावरून काढलं, दुसऱ्याला लेकराचं रडणं सोसेना, तिसऱ्याच्या पुतण्याचं लग्न ठरलं. दर वेळी टेंपोत सामान चढवायचं आणि मागं बसून ताटं-तांब्यांचा खडखडाट ऐकत जायचं. मग सोडतीत हे घर लागलं. जुळे सोलापूरच्या पलीकडं, उघड्या माळावर का असेना, पण दोन खोल्या, मोरी घरात, आणि पाणी चार दिवसांनी आलं तरी आपल्याच नळाला! पहिल्या दिवशी बाई त्या मोरीत उभी राहून रडली होती.

पण एक गोष्ट तिनं केली नाही. सहा वर्षं झाली, या घराच्या भिंतीत तिनं एक खिळा मारलेला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, देवाची तसबीर पिठाच्या डब्यावर टेकवलेली, कपडे ट्रंकेत. भिंतीवरचं घड्याळ कपाटावर उताणं पडलेलं असतं. वेळ बघायची तर त्याच्यावर ओणवं व्हावं लागतं.

"अगं, एक खिळा मारला तर काय बिघडंल?" रामहरी म्हणायचा.

"खिळा मारला की घराला कळतंय, ही आता ऱ्हाणार म्हणून. मग ते भायेर काढतंय. तुमाला न्हाय कळायचं."

हसू नका. ज्याला तीन वेळा बाहेर काढलंय, त्याच्या डोक्यात असलं काहीबाही बसतंच.

आणि यंदा तर जिवाला घोर लागावा असंच घडलं. लेक अंकिता लॅबचा कोर्स पास झाली आणि पाडव्याच्या तोंडावर एका मोठ्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली. गोजरबाई जुळे सोलापुरातल्या एका खानावळीत भाकऱ्या थापते. बातमी ऐकली तेव्हा तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली, आणि ती तिनं आनंदानं स्वतःच खाल्ली. घरी येईस्तोवर मात्र आनंदाचं पाणी झालं होतं. दोघांच्या कमाईत तिघं मर्यादेच्या आत होती. अंकिताचा पगार मिळवला की आकडा वर चालला. यंदाची मर्यादा भरपूर वाढली तरच निभाव लागणार, नाहीतर पुन्हा टेंपो.

फाटकावरचा राखणदार धोंडप्पा म्हणाला, "यंदा लई वाढणार हाय मर्यादा. वरनं ऐकलंय मी." वरनं म्हणजे कुठनं, ते धोंडप्पालाही माहीत नव्हतं. पण गोजरबाई दिवसातून दोनदा ते त्याच्या तोंडून ऐकून यायची.

"कागद लागूस्तर कुनाला सांगायचं न्हाय," तिनं लेकीला बजावलं. "कुनी इचारलं तर अजून शिकतीया म्हनायचं."

अंकितानं तसंच केलं. रोज सकाळी लॅबचा पांढरा कोट पिशवीच्या तळाशी घालून, वर जुनी पुस्तकं ठेवून ती क्लासला जाते म्हणून निघायची. पहिल्या पगाराचे पेढेसुद्धा दार लावून खाल्ले तिघांनी. शेजारची बसम्मा अक्कलकोटकडची, मनानं मोकळी बाई. एक दिवस ती म्हणाली, "अय्यो गोजरक्का, पोरीचं शिक्षण किती दिवस चाललंय गं? आता लग्नाचं बघ की!" गोजरबाई नुसतं हं हं करून आत पळाली. जिच्या फिया भरायला भाकऱ्या थापून मनगटं गेली, त्या लेकीचं यश असं कोंडून ठेवायचं, हे काय तिला गोड लागत होतं?

सगळं निभलं असतं. पण मोडनिंबला अंकिताचा मामा आहे ना, अभिमन्यू! भाचीला नोकरी लागली आणि मामानं फ्लेक्स लावला नाही, तर गावात तोंड कसं दाखवायचं त्यानं? एक फ्लेक्स मोडनिंबच्या चौकात लागला. दुसरा त्यानं हौसेनं सोलापूरला आणला आणि भल्या पहाटे कुणालाही न सांगता थेट इमारतीच्या फाटकावर बांधला, अगदी पालिकेच्या फळ्याला खेटून. 'मोडनिंबच्या भाचीची गगनभरारी!' मधोमध अंकिता, पिवळ्या ड्रेसमध्ये. कोपऱ्यात गॉगल लावून, फोन कानाला लावलेला मामा. आणि खाली, लांबून दिसेल एवढ्या ठळक अक्षरांत, वर्षाचं पॅकेज! तेही थोडं वाढवूनच, कारण मामा.

गोजरबाई खानावळीला निघाली आणि फाटकात तिला तो दिसला. मग जी धावली ती! धोंडप्पाचा बाक ओढला, वर चढली, सुतळी किल्लीनं कापेना तशी दातानं तोडली. फ्लेक्स खाली आला तो तिच्या अंगावरच. ती त्याची घडी घालत होती, लेकीच्या तोंडावरच गुडघा देऊन दाबत होती, आणि वर बघते तर समोर अंकिता उभी.

"आई, मी काय चोरी केलीया व्हय गं?"

"हळू बोल," गोजरबाई म्हणाली. अंकिता पिशवी सावरून निघून गेली. दिवसभर त्या बाईच्या भाकऱ्या वाकड्यातिकड्या होत राहिल्या, मालकीण दोनदा बोलली, हिला ऐकूच आलं नाही.

आता शहाण्यानं काय केलं असतं? फ्लेक्स जाळला असता, भंगारात दिला असता. पण गोजरबाईला तो हातात घेतल्यावर वाटलं, केवढा जाड, केवढा लांबरुंद, एक भोक नाही! उन्हाळी कामाचे दिवस. खानावळीनं कुरडयांची मोठी ऑर्डर दिलेली. असला कपडा टाकून द्यायचा म्हणजे काय! आपल्याकडं निवडणूक संपली की पुढाऱ्यांचे फ्लेक्स कुणाच्या गोठ्यावर आणि कुणाच्या कडब्यावर जातात, हे का मी सांगायला पाहिजे? तिनं तो गच्चीवर नेला, छापील बाजू खाली आणि पांढरी बाजू वर करून पसरला. वर जुनं धोतर अंथरलं आणि सोऱ्यानं कुरडया घातल्या. लेक खाली तोंड करून तापल्या गच्चीवर, आणि तिच्या पाठीवर कुरडया वाळतायत. तेव्हा नाही जाणवलं तिला. कामाच्या नादात होती.

त्याच आठवड्यात पालिकेच्या पद्मजा मॅडम तपासणीला आल्या. घरोघर फिरून माणसं मोजतात, कोण काय करतं ते लिहून घेतात. वाईट बाई नव्हती. भाकरीचं पीठ मळता मळता दारात आलेल्या गोजरबाईला त्यांनी विचारलं, "मुलगी?" गोजरबाई म्हणाली, "शिकतीया." मॅडमनी लिहिलं आणि पुढं गेल्या. सुटलो म्हणून रामहरीनं भिंतीला डोकं टेकलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, गच्ची गळते, जरा येऊन बघा. मॅडम गच्चीवर निघाल्या. गोजरबाई दोन-दोन पायऱ्या चढत त्यांच्या आधी वर पोचली.

अंकिताची त्या दिवशी दुपारची पाळी होती. ती कुरडया उलटायला वर आलेली, अंगात तोच पिवळा ड्रेस, उन्हाचा स्कार्फ गळ्यात. मागोमाग बसम्माही आली.

"भेग याच्याखाली आहे वाटतं," मॅडम म्हणाल्या. "हे जरा उचला, मावशी."

"वल्या हायेत मॅडम. मोडतील की. उद्या बघा, उद्या उचलून ठिवते."

"एक कोपराच उचला."

"मी उचलते की!" म्हणत बसम्मानं वाकून कोपरा धरला आणि चांगला हातभर उलटा टाकला. आधी मामाचा गॉगल दिसला. मग अंकिताचा चेहरा. नाव अजून कुरडयांखालीच होतं.

मॅडम बघत राहिल्या. "ही कोण?"

बसम्मा क्षणभर फ्लेक्सकडं, क्षणभर गोजरबाईकडं बघत राहिली. सगळं उमगलं तिला. आणि हो, धन्य ती बाई, लगेच म्हणाली, "कुणाला ठाऊक मॅडम! वाऱ्यानं उडून आलंय रस्त्यावरनं. आमी वाळवणाला घेतलं."

"असं होय," मॅडम म्हणाल्या आणि भेग बघायला वाकल्या.

झालं होतं. गोजरबाईनं फक्त गप्प राहायचं होतं. कागद लागेपर्यंत गप्प राहायचं, आणि मोरी आपली, नळ आपला. तिनं जिन्याच्या दाराकडं पाहिलं. अंकितानं गळ्यातला स्कार्फ हळूच वर ओढला होता आणि नाकापासून खाली तोंड झाकून घेतलं होतं. ओढणीनं अंगावरचा पिवळा ड्रेसही झाकत होती. आईनं सांगितलं नव्हतं. पोरगी आपली आपणच लपत होती.

गोजरबाईला वाटलं, अरे, हे काय केलं मी? एका मोरीपायी लेकीला तोंड झाकायला शिकवलं?

"माजी लेक हाय ती," ती म्हणाली. मोठ्यानं. बसम्मानं तिचा दंड दाबला तरी म्हणाली. "मॅडम, वर बघा. वाऱ्यानं न्हाय आलेलं ते, माज्या भावानं लावलेलं. लॅबमधी हाय माजी पोर, पांढरा कोट घालती. अंकिता, स्कार्फ काढ गं. काढ आदी!"

अंकितानं काढला नाही. मग गोजरबाईच गेली आणि पिठाच्या हातानं तिनं तो खाली ओढला. पोरीच्या गालाला पीठ लागलं.

पद्मजा मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी वही पुन्हा उघडली. "मावशी, हे मला लिहावं लागणार. कळतंय ना तुम्हाला?"

"लिवा की. लॅबचं नाव बी लिवा."

चार दिवसांनी फळ्यावर कागद लागला. धोंडप्पाचं वरनं ऐकलेलं खरं निघालं, मर्यादा वाढली होती. पण गोजरबाईला पुरेल एवढी नाही. थोडक्यात हुकलं. इमारतीत पेढे फिरले. बसम्मानं आणून दिलेला पेढा गोजरबाईनं घेतला, आणि बसम्माच दारात उभी राहून रडायला लागली. मग नोटीस आली, तीन महिन्यांची. रामहरी ती हातात धरून कॉटवर बसला. त्याला वाटलं, आता ही बाई येरझाऱ्या घालून फरशी झिजवणार.

गोजरबाई कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि पुडीभर खिळे घेऊन आली. हातोडी कुठली घरात! खलातला बत्ता घेतला आणि समोरच्या भिंतीत ठाण ठाण खिळे मारायला लागली. चुना सगळा केसांत पडला. कुरडयांचा फ्लेक्स धुऊन पुसून ठेवला होता, तो तिनं भिंतीवर ताणला. एवढा मोठा, की मामाचा निम्मा गॉगल दाराआड गेला, पण अंकिता मधोमध आली.

"अगं, येड लागलंय का?" रामहरी म्हणाला. "सा वर्सं एक खिळा मारू दिला न्हाईस, आन् आता जायचं ठरल्यावर?"

"जायचंच हाय, तर भ्यायचं कशाला? तीन म्हयने तर तीन म्हयने. घरात ऱ्हाते की मी."

उरलेल्या खिळ्यावर तिनं घड्याळ टांगलं. अंकिता पाळीला निघाली होती. सवयीनं कपाटावर ओणवी झाली, तिथं काही दिसेना, मग तिनं मान वर केली. पांढरा कोट अंगात घातला आणि तसाच घालून जिना उतरली. गोजरबाई खिडकीशी गेली नाही. पदरानं तोंड पुसून ती फ्लेक्सखाली भिंतीला पाठ लावून बसली आणि बराच वेळ उठली नाही.