व्हरांड्यातला काळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलीलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलेय, तरी आधी दुसरंच काहीतरी बोलावंसं वाटतंय. सहकारनगरात तेव्हा थंडी किती पडायची, असलं काहीतरी. बरं, थंडीपासूनच सुरू करते.

स्वारगेटजवळच्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही नुकतेच तिथे राहायला गेलो होतो. घर लहान, पण स्वतःचं. मोझेइकची फरशी मी ऑफिसला जाण्याआधी रोज स्वतः पुसायची. त्याच वर्षी लोणी काळभोरला सासरे गेले आणि हे आईला घेऊन आले. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंबरोबर एक ट्रंक आली, आणि काळ्या आला.

काळ्या सासऱ्यांचा कुत्रा. म्हातारा झालेला, मागच्या पायांनी अधू. सासरे शेतात कोसळले तेव्हा हाच भुंकत वस्तीवर गेला होता, माणसांना घेऊन आला होता. हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगतेय — माहीत नव्हतं असं तुम्हाला वाटायला नको.

मी त्याला व्हरांड्यात बांधला. व्हरांडा तिन्ही बाजूंनी उघडा. दिवाळीनंतर गारठा वाढला तसे आत्याबाई एकदा म्हणाल्या, "पोरी, निदान मोरीपाशी तरी घे त्याला. हाडं दुखत्यात त्याची."

"फरशी खराब होते, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण पहाटे मी दूध घ्यायला दार उघडायची तेव्हा त्या व्हरांड्यात बसलेल्या असायच्या — स्वतःची शाल काळ्यावर टाकून, त्याचे पाय चोळत. मी बाटल्या उचलायची आणि आत यायची. काय वाटायचं मला? राग यायचा, खरं सांगते. वाटायचं, रस्त्यावरून लोक बघत असतील.

आणि लोकांचं लक्ष होतंच, पण पहाटेच्या त्या शालीकडे नाही.

एका सकाळी शेजारच्या आपटेबाई आणखी दोघींना घेऊन फाटकाशी आल्या. मी ऑफिसला निघाले होते. "अहो, तुमचं कुत्रं रात्रभर कण्हतं. आमच्या खिडकीत ऐकू येतं. एवढ्या थंडीत मुकं जनावर बाहेर? घरात का घेत नाही आपण?"

काय उत्तर द्यायचं होतं मला? फरशी खराब होते म्हणून? त्या तिघींसमोर? मी मान जरा खाली घातली, आवाज हळू केला आणि म्हणाले, "माझं काही नाही हो. आमच्या सासूबाईंना नाही चालत. देवधर्म फार आहे त्यांचा."

इतकं सहज निघालं तोंडातून. आपटेबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "कठीण असतं हो एकेकाचं." आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं.

आत्याबाई दुपारी सोसायटीच्या बागेत बायकांमध्ये जाऊन बसत. कुणाची मेथी निवडून देत, कुणाचं बाळ मांडीवर घेत. त्या दिवसानंतर त्यांच्यासाठी कुणी सरकून जागा करेना. एक जण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देव सोवळ्यात आणि जनावर गारठ्यात." हे मला आपटेबाईंनीच हसत हसत सांगितलं. मीही हसले. आत्याबाई दुपारी घरीच बसू लागल्या. का जात नाही, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं ना.

मग एका रविवारी सकाळी आपटे सर स्वतः आले. निवृत्त मास्तर, जिभेला धार. हातात भुसा भरून शिवलेलं गोणपाट. आत्याबाई दारातच गहू पाखडत होत्या, मी त्यांच्या मागे उभी. सर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"आजी, हे त्याच्या अंगाखाली घाला. देवांची परवानगी काढायची असेल तर आम्ही थांबतो. सूनबाई सांगत होत्या, तुम्हाला कुत्रं घरात चालत नाही म्हणून."

सूप थांबलं. एक वाक्य — 'मी कवा म्हनले असं?' — एवढं त्या बोलल्या असत्या तर सगळं संपलं होतं. आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला वाटेल रागाने पाहिलं असेल. नाही. ताप आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

मग सरांकडे वळून त्या म्हणाल्या, "व्हय. मलाच नको वाटतं. खेड्यातली हाय मी, आमच्याकडं कुत्री बाहीरच असत्यात." त्यांनी दोन्ही हातांनी गोणपाट घेतलं. "लई उपकार झाले तुमचे."

सर गेले. मी वाट बघत उभी राहिले. आता बोलतील, आता रडतील, निदान यांना सांगेन म्हणतील. त्यांनी उरलेले गहू पाखडले, सूप भिंतीला लावून ठेवलं आणि विचारलं, "च्या टाकू का तुला? तोंड उतरलंय तुझं."

त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली. देवळात गाभाऱ्याशी गेल्यावर वाटते ना, तशी. निरक्षर बाई, माझ्या घरात माझ्या मर्जीने राहणारी, आणि मी तिच्यासमोर एवढीशी झालेली. एवढं मोठं मन कुठून आणतं माणूस? मला अजूनही कळलेलं नाही.

मी त्याच दुपारी काळ्याला घरात घेतलं. माझ्या हाताने, बैठकीत, आत्याबाईंच्या पलंगाशी. म्हणजे मी सुधारले, असं म्हणाल तुम्ही? थांबा. आपटेबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "समजावलंत वाटतं म्हातारीला? शाबास हो तुमची!" आणि मी ती शाबासकी घेतली. आत्याबाई आतून ऐकत होत्या.

काळ्या थंडी संपेपर्यंत जगला. आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. एकदा मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी खरं का नाही सांगितलंत?" त्या माझ्या मुलीची वेणी घालत होत्या. म्हणाल्या, "तुला हितं जल्म काढायचाय. मला काय, बागंत न्हाई गेलं तरी चालतंय." आणि वेणीला रिबन बांधली.

पण त्यांना चालत नव्हतं. दुपारी खिडकीतून बागेकडे बघत बसायच्या, मी पाहिलंय.

त्या गेल्या तेव्हा आपटेबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "कडक होत्या, पण शेवटी पाझर फुटला त्यांना. त्या मुक्या जिवाला घेतलं घरात." खोली भरलेली होती, यांची बहीण होती, माझी मुलगी होती. बोलायला आता कुणाची भीती होती मला?

मी म्हणाले, "हो."