साडूंच्या ताब्यातला समुद्र

आमच्या साडूंच्या हाती सबंध आशिया खंडाचा कारभार दिला, तर पंधरा दिवसांत सगळा खंड वेळेवर जेवायला बसेल, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे; आणि दुर्दैवाने माझंही तेच आहे. दुर्दैवाने अशासाठी, की या माणसाचा मला हेवा वाटतो. अधूनमधून नव्हे, कायम. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे जालन्याचे, म्हणजे जिथे नळाला पाणी आलं की शेजाऱ्यांना हाका मारून सांगतात तिथले. मी रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठचा. चालायच्या आधी पोहायला लागलो असं आई सांगते. आता सिंगापूरसारख्या चहूबाजूंनी पाणी असलेल्या गावात आम्ही दोघंही येऊन पडलो, तेव्हा समुद्र कुणाच्या वाट्याला यायला हवा होता? पण मी बुकित बातोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि माझ्या खिडकीतून बहुमजली कार पार्क दिसतो. साडू बुकित तिमाहला कॉन्डोत राहतात, त्यांच्या बाल्कनीखाली निळाशार स्विमिंग पूल आहे, आणि त्या पुलात हा गृहस्थ आजवर घोट्याच्या वर भिजलेला नाही. रोज संध्याकाळी पँट दुमडून काठावर बसतात, पाय पाण्यात सोडतात आणि मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघतात. हे मला झोंबतं.

वाऱ्याशी त्यांचा संबंध आला तो माझ्यामुळेच, हे तर आणखी झोंबणारं. आमची ईशा इथल्या युनिव्हर्सिटीत गेली आणि पहिल्याच वर्षी शिडाच्या होड्यांच्या क्लबात शिरली. तिची पहिली शर्यत बघायला निघालो तेव्हा गाडीत एक जागा रिकामी होती, म्हणून मी साडूंना बरोबर घेतलं. तिथे दहा-बारा होड्या, त्याच्या दुप्पट मुलं आणि कुणी कुठल्या होडीत बसायचं यावरून मोठा गोंधळ चालला होता. साडू एका कंटेनर कंपनीत कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला कधी लागणार हे ठरवायच्या कामावर आहेत. त्यांना तो गोंधळ बघवेना. "हे कोण बघायलंय इथं?" असं त्यांनी एका मुलाला चक्क मराठीत विचारलं, मग इंग्रजीत विचारलं, मग त्याच्या हातातलं पेन घेतलं. पुढच्या हंगामात ते कॉन्फरन्सचे सचिव झाले होते. मी तेव्हाही गाडी पार्क करायला जागा शोधत होतो, असं आमच्या घरात अजून हसून सांगितलं जातं.

कॉन्फरन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भाषणं आणि दुपारचा डुलका येतो. ही तसली नव्हे. इथली आणि पलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरमधली काही कॉलेजं एकत्र येऊन त्यांनी शर्यतींसाठी जो एक गोतावळा केला आहे, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. गंमत म्हणजे ती चालवतात मुलंच. अध्यक्ष विद्यार्थी, खजिनदार विद्यार्थी, प्रत्येक क्लबाला एक मत, मग तो क्लब शंभर जणांचा असो नाहीतर कसाबसा दोन होड्यांना पुरेल एवढा. मोठ्या माणसाला तिथे एकच खुर्ची, सचिवाची, कारण मुलं पास होऊन निघून जातात आणि मागचं लक्षात ठेवायला कुणीतरी लागतं. हंगामाच्या सुरुवातीला कुठला शनिवार-रविवार कुणाच्या यजमानपणाखाली, हे ठरतं. यजमान कॉलेजाने होड्या द्यायच्या, शर्यतीची वळणं दाखवणारे तरंगते बोये टाकायचे, जेवण घालायचं. पाहुण्यांनी लाइफ जॅकेट आणि भूक घेऊन यायचं. कुणाची परीक्षा कधी, चिनी नववर्ष कधी, हरी राया म्हणजे इथली ईद कधी, दिवाळी कधी आणि जोहोरचा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा पूल, कुठल्या शुक्रवारी तुंबणार, हे सगळं साडूंच्या डोक्यात असतं. एकदा जोहोरच्या पोरांची बस पुलावर अडकली, तर यांनी फोनवर ड्रायव्हरला कुठल्या रांगेत शिर ते सांगितलं. ड्रायव्हर मलाय, हे मराठवाडी, आणि बस वेळेवर पोचली.

पण त्या सगळ्यात साडूंचा जीव जडला तो अदलाबदलीवर. होड्या यजमानाच्या, तेव्हा त्यात एखादी पळणारी आणि एखादी रडतराऊत असणारच. म्हणून दोन शर्यती झाल्या की सगळ्यांनी होड्या बदलायच्या, म्हणजे जड सुकाणूची होडी दिवसभरात एकदा तरी प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि हरल्यावर होडीला नावं ठेवायची सोय राहत नाही. या नियमाने साडू इतके भारावले की तो त्यांनी घरी आणला. त्यांच्याकडे दिवाळीच्या फराळाला गेलं की मधेच शिट्टी वाजते आणि सगळ्यांनी उठून पुढच्या खुर्चीवर सरकायचं, कारण एसीच्या थेट समोरची खुर्ची एकच आहे. आमच्या सासूबाई गुडघे धरून म्हणाल्या, "अहो, मला नको तो एसी, मला बसू द्या." तर साडू म्हणाले, "आई, तुम्हाला नको असेल, पण तुमच्यामुळे मागच्यांची पाळी अडायली की." सासूबाई उठल्या. मी सांगितलं असतं तर उठल्या असत्या का? मुळीच नाही.

शर्यतीत कुणी कुणाला आडवं गेलं की तक्रार होते, आणि तिचा निवाडा त्याच दिवशी, त्या भांडणात नसलेल्या कॉलेजांच्या मुलांनी करायचा असतो. टेबलावर खेळण्यातल्या होड्या मांडून कोण कुठे होतं ते दाखवतात. एकदा त्या होड्या कुणीतरी घरी विसरून आलं. साडूंनी पिशवीतून बाकरवड्या काढल्या. दोन बाकरवड्या म्हणजे दोन होड्या, बेसनाचा लाडू म्हणजे बोया, आणि वारा चहाच्या थर्मासकडून. निकाल लागल्यावर पंचांनी होड्या आणि बोया खाऊन टाकले. हरलेल्या मुलाने फेरविचार मागितला, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "आता काय बघायचं? पुरावा संपला." तेव्हापासून खेळण्यातल्या होड्या कुणी आणतच नाही, आणि आमच्या मेहुणीबाई दर आठवड्याला बाकरवड्या तळतात.

आणि ईशा. साडूंना मूलबाळ नाही, आणि ईशावर त्यांची माया आहे हे मला समजतं. समजलं म्हणून जळफळाट थांबतो असं नाही. घरी आली की वाऱ्याची गोष्ट काकांशी, होडी उलटली त्याची गोष्ट काकांशी, आणि माझ्याशी "बाबा, डिनरला काय आहे?" एकदा मी न राहवून विचारलं, "तुझ्या काकांना साधं पोहता येत नाही, माहीत आहे ना?"

"सो व्हॉट, बाबा? काका डॅम स्टेडी, लाह," ती इथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणाली. विजा येणार असल्याचा भोंगा वाजला की सगळ्या होड्या किनाऱ्यावर घेताना साडू कुणावर ओरडत नाहीत, म्हणून ते स्टेडी. मी रत्नागिरीचा असून नुसता बाबा.

शेवटी गेल्या वर्षी मी स्वतःहून सांगितलं की मलाही काम द्या. साडूंनी मोठ्या आनंदाने मला पंचांच्या मोटरबोटीवर निशाण धरायला उभं केलं. शर्यत सुरू झाली, ईशाची होडी पुढे होती, आणि मला दूर पाण्यावर काळसर पट्टा सरकताना दिसला. म्हणजे वारा उजवीकडून येत होता. खाडीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "अगं गाढवे, उजवीकडे घे, उजवीकडे!" शर्यत चालू असताना बाहेरून कुणी मदत करायची नाही हा नियम मला ठाऊक होता. पण तो मी इंग्रजीत वाचला होता. भर समुद्रात, चिनी, मलाय आणि तमिळ मुलांच्या मधोमध मराठी कुणाला कळणार, अशी माझी पक्की समजूत होती. त्या सबंध पाण्यावर मराठी कळणारी तीन माणसं होती. मी, ईशा आणि साडू.

साडूंनी संध्याकाळी स्वतःच तक्रार नोंदवली. पंचांनी विचारलं, हे गृहस्थ नेमकं काय म्हणाले? साडूंनी शब्दाला शब्द ठेवून, 'गाढवे'सकट, भाषांतर करून दिलं. ईशाची ती शर्यत बाद झाली. मला निशाणावरून काढून पालकांच्या तंबूत, दोरीच्या मागे बसवलं. ईशा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. ज्याने तक्रार केली त्याच्याशी मात्र त्याच रात्री फोनवर खिदळत होती. मी भिंतीला कान लावून ऐकलं आहे.

या पोरांची एक रीत आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, पास होऊन जाणारं प्रत्येक मूल धक्क्यावरून एका माणसाला पाण्यात ढकलतं. एकालाच. ज्याच्यामुळे आपण इथवर आलो असं वाटतं, त्याला. कुणी कोचला ढकलतं, कुणी मित्राला, एकीने तर आपल्या आजीला, तिला विचारून, अलगद सोडलं होतं. यंदा ईशाची पाळी होती. हंगाम सुरू झाल्यापासून मी दुसरा विचार केला नव्हता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मी कोणती पँट लवकर वाळते याचा विचार करत होतो. बायको म्हणाली, "अहो, इतकं मनाला लावून घेऊ नका." म्हणजे तिलाही वाटत होतं की नंबर लागणार तो साडूंचाच.

त्या दिवशी मी मोबाइल, पाकीट, घड्याळ सगळं बायकोच्या पर्समध्ये दिलं आणि ढकलायला सोपं जाईल अशा बेताने धक्क्याच्या कडेला उभा राहिलो. साडू लांब, बोये मोजून घेत होते. बक्षिसं झाली, ईशाचं कॉलेज दुसरं आलं, आरडाओरडा झाला, आणि एकेक माणूस पाण्यात पडायला लागला. मग ईशा आली. ओली, उन्हाने रापलेली, सरळ माझ्याकडे. तिने माझा हात धरला. मी आणखी अर्धं पाऊल कडेला सरकलो.

"बाबा, तुम्ही आधी उतरा ना पाण्यात."

"आधी म्हणजे?"

"काकांना टाकायचंय. त्यांना स्विमिंग येत नाही ना. लाइफ जॅकेट घालू, पण तरी ते घाबरतील. तुम्ही खाली असलात की मला टेन्शन नाही."

रडू येत होतं की राग, ते मला आत्ताही सांगता येणार नाही. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, एवढं नक्की. मग मी चष्मा बायकोकडे दिला आणि उडी मारली. पाणी कोमट होतं. वर धक्क्यावर साडू फुगलेलं जॅकेट घालून, पँट दुमडून उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"साडूभाऊ, आहात ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"आहे हो. या," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणालो.

मुलांनी तिनापर्यंत मोजलं. साडू डोळे घट्ट मिटून पडले, बुडाले, वर आले आणि त्यांनी माझ्या गळ्याला जी मिठी मारली, ती सोडायचं नाव घेईनात. हा माणूस घाबरलेला बघायला मिळावा म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती. आता तो माझ्या खांद्यावर थरथरत होता आणि मला काहीच आनंद होत नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून पाय मारत राहिलो. ईशा वर उभी राहून दोन्ही हात हलवत आम्हाला हाका मारत होती. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी नेदरलँड्सला जाणार, हे त्या क्षणी आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं, कारण साडूंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच माझ्या कानात विचारलं, "आता शनिवारी काय करायचं हो आपण?"

मी त्यांना जरा आणखी घट्ट धरलं आणि धक्क्याकडे न्यायच्या ऐवजी थोडा वेळ तिथेच तरंगत राहिलो.